थुंकीने धरलेला जोड

सकाळचा पेपर सासऱ्यांच्या हातात पडला की मोजेबाईच्या पोटात ढवळायला लागायचं. पेपर वाचण्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. पण पान उलटायचं म्हणजे सासरे आधी उजव्या हाताचा अंगठा जिभेवर ठेवायचे, चांगला घोळवून ओला करायचे आणि मग त्या ओल्या अंगठ्याने पानाचा कोपरा उचलायचे. बारा पानांचा पेपर म्हणजे सहा वेळा अंगठा, पुरवणी असली की दहा वेळा. वाचून झाला की तोच पेपर घडी घालून तिच्यासमोर सरकवायचे, "घे, तुला वाचायचा असेल तर." लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्या घरातला एकही पेपर तिने वाचलेला नव्हता. जगात काय चाललंय ते तिला बसमध्ये दुसऱ्यांच्या पेपरात डोकावून कळायचं.

बरं, पेपरावर भागलं असतं तरी तिने सोसलं असतं. चष्म्याची काच पुसायची तर थुंकी. सुईत दोरा ओवायचा तर आधी तो चोखायचा. डास चावला, लाव थुंकी. पाकीट बंद करायचं, लाव थुंकी. वर पुन्हा समर्थन: "माणसाच्या तोंडात ही फुकटची बाटली दिलीय, ती वापरायची नाही तर काय करायचं?" नवरा मालवाहू जहाजावर होता, वर्षातले आठ महिने समुद्रात. त्याला फोनवर सांगितलं की तो म्हणायचा, "म्हातारं माणूस, चालायचंच गं." तिकडे समुद्रावर बसून असं म्हणायला याचं काय जातंय, असं तिच्या मनात यायचं.

शेवटी तिने तिच्यापुरती सोय करून टाकली होती. घरात एकसारखे सहा पांढरे कप होते. पाच फळीवर आणि सासऱ्यांचा एक खिडकीच्या कट्ट्यावर, कागदावर पालथा. त्यांचा चहा झाला की ती तो कप चिमट्याने उचलायची आणि पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायची. हे ती त्यांच्याकडे पाठ करून करायची, म्हणजे म्हाताऱ्याला वाईट वाटू नये. आपण किती समजून घेतो, असंही तिला त्या वेळी वाटायचं.

मोजेबाई हे काही तिचं नाव नव्हे. ते कारखान्यातल्या लोकांनी पाडलेलं. सासरे आणि ती एकाच कारखान्यात होते. तिथे स्टीलची मोठमोठी बंद भांडी बनायची, त्यांना सगळे चेंबर म्हणायचे. या चेंबरमधली हवा पंपाने काढून घ्यायची, आणि ती इतकी, की आत जवळजवळ काही म्हणता काही उरू नये. अशा ठिकाणी माणसाच्या बोटाचा एक ठसा जरी आतल्या भिंतीवर राहिला, तरी त्यातलं तेल आठवडेच्या आठवडे वाफाळत राहतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. घाम, केस, शिंकेचा थेंब, कानामागे खाजवून तसंच ठेवलेलं बोट, यातलं काहीही चालत नाही. ज्याला माणसाच्या अंगाची मनापासून किळस येते त्यालाच हे काम चांगलं जमतं, आणि मोजेबाईला ती भरपूर येत होती. हातमोजे घातल्याशिवाय ती दाराच्या कडीलाही हात लावत नसे.

तिचं काम तपासणीचं. वेल्डिंग झालेल्या चेंबरला पंप लावायचा, आणि बाहेरून प्रत्येक जोडावर हेलियम सोडायचा. हेलियम म्हणजे फुग्यात भरतात तो वायू. हा सुईच्या टोकाच्या शंभराव्या भागाएवढ्या छिद्रातूनही आत शिरतो. शिरला की डिटेक्टरचा काटा उसळतो आणि मशीन केकाटायला लागतं. काटा हलला नाही, तर जोड घट्ट. मग तपासणीच्या कागदावर तिची सही. त्या सहीशिवाय चेंबर दाराबाहेर जात नसे, आणि तिला आयुष्यात ज्या दोन-चार गोष्टींचा अभिमान होता त्यात ती सही पहिली.

वेल्डिंग करायचे सासरे. मिस्त्री म्हणून त्यांचा दबदबा होता. पस्तीस वर्षं एकच काम, आणि जोड असा की बोट फिरवलं तरी कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळू नये. तिला इथे चिकटवलं तेही त्यांनीच. "आमच्या सूनबाईची नजर फार वाईट आहे, हिला तपासणीला घ्या," असं त्यांनी मालकांना सांगितलं होतं. सगळे हसले होते. निवृत्तीला आता पाच महिने उरले होते.

आणि अशात एकामागोमाग दोन चेंबर परत आले.

दोन्ही एकाच गिऱ्हाइकाचे. तक्रारही एकच. तिच्या तपासणीत काटा ढिम्म, आणि गिऱ्हाइकाकडे गेलं की गळती. तिथे ते चेंबर भाजायचे. म्हणजे बाहेरून तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळून, वर चंदेरी फॉइल लपेटून, दोन दिवस दीडशे अंशांवर ठेवायचे. स्टीलच्या भिंतीला हवेतलं पाणी चिकटून असतं, ते असं तापवल्याशिवाय सुटत नाही. भाजून गार केलं की पोकळी आणखी चांगली व्हायला हवी. यांची उलट बिघडत होती.

मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मालक म्हणजे अत्तराचा फवारा आणि तोंडात दात कोरायची काडी. ती काडी या गालातून त्या गालात फिरवत ते म्हणाले, "तुमचं मशीन झोपा काढतंय की तुम्ही?"

"मशीन बरोबर आहे साहेब. मी रोज तपासते."

"मग काय, छिद्रं रस्त्यात पडतात? ट्रकमध्ये?" त्यांनी काडी काढली, तिच्या टोकाला काय आलंय ते निरखलं आणि पुन्हा तोंडात घातली. तिने खिडकीकडे बघितलं. "हे बघा बाई. तिसरं चेंबर आपण इथेच भाजणार. मग त्यांचा माणूस येणार आणि त्याच्यासमोर तुम्ही तपासणार. हेही गळलं तर त्या कागदावर पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाची तरी सही असेल. कळलं?"

तिला कळलं. बाहेर येऊन तिने मोजे बदलले, कारण त्या केबिनच्या दाराची मूठ तिने धरली होती.

तिसऱ्या चेंबरवर तिने जीव ओतला. आतून तीनदा स्पिरिटने पुसलं. झाकणांच्या मधल्या तांब्याच्या कड्या नव्या, त्याही एकेक भिंगाखाली बघून घेतल्या. मग पंप लावला आणि गार चेंबरवर, प्रत्येक जोडावर, इंच इंच हेलियम सोडला. काटा हलला नाही. सासरे लांबून बघत होते. "आहे का काही, मोजेबाई?" त्यांनी हाक मारली. कारखान्यात तेही तिला याच नावाने हाक मारायचे. "काही नाही मिस्त्री," ती म्हणाली. पट्ट्या गुंडाळल्या, फॉइल लपेटलं, आणि दोन दिवस ते धूड एका कोपऱ्यात भाजत राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चेंबर गार झालं होतं. तिने आतला दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघितलं. आकडा जिथे उतरायला हवा होता त्याच्या आसपासही नव्हता. तिने घाईघाईने फॉइल फाडलं, पट्ट्या सोडल्या आणि हेलियमची नळी जोडावरून फिरवली. उजव्या बाजूला मशीन केकाटलं. वर, चेंबरमधून निघणाऱ्या नळीच्या बुडाशी, पुन्हा केकाटलं. मागे, आडव्या जोडावर, तिसऱ्यांदा. दोन दिवसांपूर्वी याच तीन जागांवर ती डोळ्यांत तेल घालून फिरली होती.

तिने दिवा जवळ घेतला. जोडावर एक डाग होता. बोटभर रुंद, मध्ये पांढुरकी साय वाळून चिकटल्यासारखी आणि कडेने तपकिरी. तिने नाक जवळ नेलं. करपलेला, खारट, उबलेला वास आला. कशाचा ते लगेच कळेना, पण ओळखीचा. मग तिने भिंग लावलं. तपकिरी कडेत रेषा होत्या, गोल गोल फिरणाऱ्या, आणि त्या सगळ्या रेषांना मधोमध छेदणारी एक सरळ तिरकी रेघ.

ही रेघ तिला पाठ होती. सासऱ्यांच्या उजव्या अंगठ्यावर पत्रा लागून पडलेली जुनी खूण. अकरा वर्षं रोज सकाळी ती त्या अंगठ्याला जिभेवर घोळताना बघत आली होती.

ती तशीच मोरीकडे पळाली. काही उलटून पडलं नाही, नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या आल्या. नळ सोडून ती उभी राहिली, आणि एकेक गोष्ट तिच्या डोक्यात जागेवर बसत गेली. छिद्रात थुंकी भरली की ते बुजतं. पाऊण तास, तासभर सहज. तेवढ्या वेळात ती येते, हेलियम सोडते, काटा हलत नाही, आणि ती सही करते. भाजलं की थुंकी वाळते आणि छिद्र मोकळं. म्हणजे मागच्या दोन चेंबरवर, आणि देव जाणे त्याआधी किती चेंबरवर, तिने सही केली होती ती म्हाताऱ्याच्या थुंकीखाली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक वेल्डिंगच्या पडद्यामागे शिरली. सासरे स्टुलावर बसून डबा उघडत होते.

"बाबा, तुम्ही जोडांना थुंकी लावता?"

त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. नाही म्हणतील, कानावर हात ठेवतील, असं तिला वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, "डाग राहिला का?"

"डाग राहिला का? बाबा, तुमचा अंगठा भाजून बसलाय तिथे! शी! मला वाटलं मीच चुकतेय. रोज मशीन उघडून बसत होते. मालक मला वाट्टेल ते बोलले, तुम्ही बाहेर उभे राहून ऐकत होतात. आणि ही... ही घाण!"

"हळू बोल."

"का हळू बोलू? माझी सही आहे त्यावर."

सासऱ्यांनी डबा बाजूला ठेवला. मग अंगठ्याकडे बघत म्हणाले, "माझ्या उस्तादाने शिकवलं होतं. तेव्हा हे हेलियम-बिलियम नव्हतं. पंप चालू ठेवायचा, जोडाला थुंकी लावत जायचं. जिथे लावली आणि गेज सुधारलं, तिथे छिद्र. मग पुसायचं आणि तिथे पुन्हा वेल्ड मारायचा. शोधायला लावायची गं थुंकी. लपवायला नाही."

"मग पुन्हा वेल्ड का नाही मारलात?"

"दिसत नाही." ते अगदी सहज म्हणाले. "वर्ष झालं. पेपरातले मथळे तेवढे लागतात, पण काळ्या काचेतून बघितलं की नुसता एक पांढरा गोळा. हात जातो सवयीने, म्हणून जोड होतो. कुठे चुकला ते नंतर बोटाने चाचपून कळतं. पण ते दुरुस्त करायला दिसायला लागतं. छिद्र शोधून झालं की थुंकी तिथेच राहून द्यायची. एकदा राहून दिली, मग रोजच राहून गेली."

"सांगायचं होतं. डोळ्यांचं ऑपरेशन करता आलं असतं. घरी बसला असतात."

"घरी?" सासऱ्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "तुझ्यासमोर? दिवसभर? माझा कप तू चिमट्याने उचलतेस आणि उकळतेस. पाठ केलीस म्हणून दिसत नाही असं वाटतं होय तुला? वेल्ड दिसत नाही मला. तेवढं दिसतं."

तिची नजर स्वतःच्या मोज्यांवर गेली.

"इथे मला मिस्त्री म्हणतात," ते म्हणाले. "पाच महिने होते अजून."

ती पडदा सारून बाहेर आली आणि सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेली. दया आली नव्हती असं नाही. पण चारला गिऱ्हाइकाचा माणूस येणार होता, आणि खोट्या कागदावर सही करण्यापेक्षा तिला ते चेंबर चाटून पुसलेलं चाललं असतं. तिने थुंकीचं सगळं सांगितलं. नाव घेतलं नाही. वेल्डर एकच असल्यामुळे त्याने काही फरक पडत नव्हता.

मालकांची काडी थांबली. मग ते हसायला लागले. "थुंकी! वा! आणि एवढे दिवस चाललं?" हसता हसता त्यांनी घड्याळ बघितलं. "बरं, मग लावा की परत."

"काय?"

"परत लावा. तो माणूस अर्धा तास थांबणार, चहा पिणार, काटा बघणार आणि जाणार. तिकडे गेल्यावर मग बघू काय ते. म्हणू, तुम्ही जास्त भाजलंत. मिस्त्रींना बोलवा."

सासऱ्यांची थुंकी तिला घाण वाटत आली होती. आता या गुळगुळीत दाढी केलेल्या, वासाने दरवळणाऱ्या तोंडाकडे बघताना तिला वाटलं, यापेक्षा ती स्वच्छ.

तिघं चेंबरपाशी उभे राहिले. मालकांनी अंगठा नाचवत सांगितलं, "चला मिस्त्री, दाखवा तुमची जादू. कुठे कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे."

सासऱ्यांनी हात पाठीमागे बांधले. "नाही साहेब."

"नाही म्हणजे?"

"मला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वर्ष झालं. छिद्र कुठे आहे ते मी कसं सांगणार?"

मोजेबाईने चमकून त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांचं खरं होतं. वर्षभर जिवापाड लपवलेली गोष्ट त्यांनी चार कामगारांच्या देखत मोकळ्या आवाजात सांगून टाकली होती. पण छिद्रं कुठे आहेत ते सांगायला त्यांना डोळे कधी लागलेच नव्हते. ते बोटांचं काम होतं, आणि ती बोटं पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवलेली होती.

"काय तमाशा आहे हा!" मालक ओरडले. मोजेबाईकडे वळले. "बाई, तुम्ही दाखवा."

"मी तपासणी करते साहेब. एवढंच करते."

तेव्हा मालकांनी एक गोष्ट केली, जी आठवली की पुढे कित्येक दिवस तिचं जेवण जात नसे. त्यांनी काडी खिशात टाकली, तोंडात चांगला घशापासून ऐवज गोळा केला, अंगठी घातलेल्या बोटावर तो घेतला, आणि स्वतःच चेंबरच्या जोडाला फासायला लागले. छिद्रं कुठे आहेत ते माहीत नाही, म्हणून सगळीकडे. बोट सुकलं की पुन्हा तोंडात, पुन्हा जोडावर. तिने इंच इंच तपासलेल्या त्या लख्ख स्टीलवरून लाळेचे ओघळ खाली येत होते, त्यात सकाळच्या नाश्त्याचा एक कणही होता. कामगारांनी माना फिरवल्या. तिने सासऱ्यांकडे बघितलं. त्यांच्या नाकपुड्या आक्रसल्या होत्या, ओठ खाली ओढले गेले होते, आणि त्यांनी तोंड दुसरीकडे केलं होतं. ज्या माणसाला कशाकशाची म्हणून किळस येत नव्हती, त्या माणसाला किळस आली होती.

"असं कुणी लावतं का," ते पुटपुटले. फक्त तिलाच ऐकू गेलं.

गिऱ्हाइकाचा माणूस चारच्या आधीच आला. किडकिडीत, मोठा चष्मा, काखेत फाइल. मालक रुमालाने बोट पुसत पुढे झाले आणि त्याच हाताने त्यांनी हस्तांदोलन केलं. मोजेबाईने वर नवे हातमोजे चढवले, एकावर एक दोन जोड. कापड स्पिरिटमध्ये बुडवलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत चेंबरचा बाहेरचा प्रत्येक जोड पुसून काढला. मालक डोळे वटारत होते. तिने कापडं चिमट्याने धरून डब्यात टाकली, स्पिरिट उडून जायला दहा मिनिटं दिली आणि हेलियमची नळी उचलली.

"आधी एकदा वरवर बघू या का, तुम्ही दमलात प्रवासाने," मालक म्हणाले. "चहा..."

"नको, बघतोच," तो म्हणाला.

ती सरळ उजव्या जोडावर गेली. मशीन केकाटलं. नळीच्या बुडाशी गेली, केकाटलं. मागच्या आडव्या जोडावर, पुन्हा. मग तिने उरलेलं सगळं, चेंबरच्या पायांपाशी वाकून खालचे जोडसुद्धा, नियमाप्रमाणे तपासलं. तिथे काही नव्हतं. तिने कागद भरला: गळती तीन ठिकाणी, कारण वेल्डिंग, आधीचे दोन चेंबरही याच कारणाने नापास समजावेत. खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली.

किडकिडीत माणसाने कागद दोनदा वाचला. "या कारखान्यातून नापास लिहिलेला कागद मी पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला. मग मालकांना म्हणाला, "दुसरा वेल्डर घ्या, जोड पुन्हा करा, भाजा, आणि मला बोलवा. तपासणी मात्र या बाईंचीच हवी. दुसऱ्या कुणाची सही मी धरणार नाही."

मालकांचा चेहरा पडला. तो गेल्यावर त्यांनी सगळा राग जिथे काढता येत होता तिथे काढला. सासऱ्यांना तिथल्या तिथे घरी जायला सांगितलं. पाच महिने, निरोप, भाषणं, सगळं राहिलं. सासऱ्यांनी डबा, वेल्डिंगचा मुखवटा आणि चामड्याचे मोजे पिशवीत भरले आणि कुणाकडे न बघता बाहेर पडले. ती मागोमाग निघाली.

दोघं बसच्या थांब्याकडे चालू लागले. फूटपाथची कड उंच होती तिथे ते अडखळले. तिने हात पुढे केला, त्यांनी तो न दिसल्यासारखं केलं, किंवा खरंच दिसला नसेल.

थांब्यावर बसल्यावर ते म्हणाले, "तीन सापडली ना?"

"हो."

"चौथं?"

"चौथं नव्हतं बाबा."

"होतं. खाली, डाव्या पायाशी. तू तपासायच्या आधीच ते मी पुन्हा वेल्ड केलं. दोन दिवस चाचपत बसलो होतो. तिथे काटा हलला का?"

तिने आठवलं. वाकून तिने तिथे नळी धरली होती, नेहमीपेक्षा जास्त वेळ. "नाही. अजिबात नाही हलला."

"बघ," सासरे म्हणाले आणि येणाऱ्या बसच्या आवाजाकडे मान वळवली.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. उठून ती स्वयंपाकघरात आली तर सासरे आधीच उठलेले. ओट्यापाशी, तिच्याकडे पाठ करून उभे होते. चहा करून पिऊन झालेला होता. शेगडीवर पाणी उकळत होतं, आणि ते चिमट्याने, अंदाज घेत घेत, आपला कप त्यात सोडत होते. चिमटा दोनदा कडेवर आपटला. शेगडीशेजारी, कागदाचा एक चौकोन नीट कापून तयार ठेवलेला होता.

ती दारातच थांबली. तिच्या पोटात ढवळायला लागलं. सकाळी ते रोजच ढवळायचं, म्हणून क्षणभर तिला ते नेहमीचंच वाटलं. पण आज पेपर घडी न मोडता पडला होता, अंगठा कोरडा होता, आणि घाण म्हणावं असं त्या खोलीत काहीही नव्हतं. ही किळस तिची तिलाच येत होती.

तिने गॅस बंद केला. "राहू दे बाबा. मी बघते," ती म्हणाली. सासरे बाजूला झाले, भिंतीला हात लावत बाहेरच्या खोलीत गेले. तिने फळीवरचे पाच कप खाली काढले. पाण्यातला सहावा कप बोटांनी बाहेर काढला, चटका बसला तरी सोडला नाही. सगळे सहा पुसून तिने ते ओट्यावर मागेपुढे सरकवले, डोळे मिटून, कितीतरी वेळ. मग एकात एक रचून फळीवर ठेवले. कागदाचा चौकोन केराच्या डब्यात टाकला.

दुपारी तिने दोघांसाठी चहा केला. फळीवरून हाताला येतील ते दोन कप घेतले. त्यातला सासऱ्यांचा कुठला, तिला सांगता येईना. तिने दोन्ही निरखून बघितले, कडेला नाकही लावलं, तरी कळेना. एक त्यांच्यापुढे ठेवला. दुसरा उचलून ती त्यांच्यासमोर बसली. त्यांनी पेपर उघडला, अंगठा जिभेवर घोळवला, पान उलटलं. तिच्या अंगावर शहारा आला, आणि तिने कप तोंडाला लावला.